कॉलेजच्या पाटीवर ‘२(एफ) व १२(बी)’ लिहिलेलं असतं, त्याचा अर्थ काय?

ही दोन्ही यूजीसी (विद्यापीठ अनुदान आयोग) कायदा, १९५६ मधली कलमं आहेत. २(एफ) म्हणजे कॉलेज यूजीसीच्या यादीत आलं. १२(बी) म्हणजे ते केंद्राच्या अनुदानाला पात्र ठरलं. पात्र ठरलं म्हणजे पैसे आलेच असं नाही हं! योजना असावी लागते, प्रस्ताव पाठवावा लागतो आणि खर्च झाला की विनियोग प्रमाणपत्र, म्हणजे पैसे ठरल्या कामावरच खर्च झाल्याचा दाखला, द्यावं लागतं.

लोकांची गल्लत इथेच होते. कॉलेजला संलग्नता देतं विद्यापीठ, यूजीसी नव्हे. महाराष्ट्रातल्या अनुदानित कॉलेजांतल्या प्राध्यापकांचा पगारही राज्य सरकार देतं, उच्च शिक्षण सहसंचालक कार्यालयामार्फत. यूजीसी प्राध्यापकांची किमान पात्रता ठरवते, नेट परीक्षेतून निवडलेल्या संशोधकांना जेआरएफ फेलोशिप देते आणि नियम मोडणाऱ्याचं अनुदान रोखू शकते. ज्याला अनुदान मिळतच नाही, त्याला या धाकाचं काय?

कायदा झाला त्या वर्षी आयोगाचं अध्यक्षपद आलं माजी अर्थमंत्री सी. डी. देशमुखांकडे, म्हणजे आपल्या रायगडच्या चिंतामणरावांकडे.

प्रवेश घेताय? मग पाटीपेक्षा पदवी कोणतं विद्यापीठ देणार ते विचारा, आणि ते यूजीसीच्या बोगस विद्यापीठांच्या यादीत नाही ना, हेही बघा.