वाचकांचे प्रश्न : टोचलेले नाक-कान आणि पहिला दागिना

प्रश्न : आखाजीला माहेरी गेले असताना माझ्या सतरा वर्षांच्या मुलीचे नाक ओळखीच्या सोनारांकडून टोचून घेतले. त्याला आता तीन आठवडे झाले. चमकीभोवती पिवळसर खपली धरते आणि बाजूला मोहरीएवढा लालसर फोड आला आहे. घरी आल्यापासून सासूबाई रोज कोमट तेलात हळद कालवून लावतात आणि चमकी फिरवायला सांगतात, नाहीतर छिद्र बुजेल असे त्यांचे म्हणणे आहे. हे योग्य आहे का?
– एक वाचक भगिनी, अमळनेर

उत्तर : छिद्र बुजण्याची सासूबाईंची भीती निराधार नाही. ताज्या छिद्रातून दागिना काढून ठेवला, तर ते काही तासांतही मिटू लागते. परंतु चमकी आत आहे तोवर ते बुजत नाही आणि त्यासाठी ती फिरवण्याची काहीच गरज नसते. टोचलेली जागा ही दोन्ही तोंडांनी उघडी असलेली जखम असते. तिच्या आतल्या बाजूला नवी त्वचा दोन्ही टोकांकडून मध्याकडे हळूहळू सरकत जाते. चमकी फिरवली, की ही पातळ त्वचा फाटते, बाहेर वाळलेली खपली आत ओढली जाते आणि जखम पुन्हा पहिल्या दिवसावर येते. नाकपुडीची जखम आतून भरायला साधारण चार ते सहा महिने लागतात; बाहेरून ती महिन्याभरातच बरी दिसू लागते, आणि नेमक्या याच वेळी घरोघरी घाई होते.

हळदीविषयी माझ्या मनात आदरच आहे, पण स्वयंपाकघरातील हळद निर्जंतुक नसते. तिचे कण छिद्रात अडकून राहतात आणि तेलावर घाम व धूळ चिकटते. वैशाखात आपल्याकडे पारा ४४-४५ अंशांवर जातो, तेव्हा हा थर नाकावर ठेवणे म्हणजे जंतूंना आसरा देणे होय. डेटॉल, स्पिरिट आणि हायड्रोजन पेरॉक्साइड हेही लावू नये, कारण ते जंतूंबरोबर नव्याने तयार होणाऱ्या पेशीही जाळतात.

करायचे ते इतकेच. साबणाने हात धुवावेत, औषधाच्या दुकानात मिळणाऱ्या ०.९ टक्के सलाईनमध्ये निर्जंतुक गॉझ भिजवून तो दिवसातून दोनदा नाकावर काही मिनिटे ठेवावा, मऊ झालेली खपली अलगद टिपून घ्यावी आणि जागा कोरडी करावी. सलाईन मिळाले नाही, तर कपभर पाणी उकळून गार करावे व त्यात पाव चमचा बारीक मीठ विरघळवून त्याच दिवशी वापरावे. याव्यतिरिक्त त्या जागेला हात लावू नये. मुलगी दुचाकीवरून कॉलेजला जात असेल, तर उन्हासाठी चेहऱ्यावर गुंडाळलेल्या स्कार्फकडे लक्ष द्यावे. स्कार्फ सोडताना त्याचा धागा चमकीत अडकतो आणि एका हिसक्यात महिन्याभराची भरलेली जखम उसवते. असे झालेल्या मुली मी दर उन्हाळ्यात तपासतो. स्कार्फ सुती व घट्ट विणीचा असावा, रोज धुतलेला असावा आणि तो नाकावरून ओढून न काढता आधी सैल करून मग उचलावा.

फिकट पिवळसर खपली हे भरणाऱ्या जखमेचे लक्षण आहे, तो पू नव्हे. बाजूचा फोड बहुधा चमकी फिरवल्याने आणि तेलाने चिडलेल्या त्वचेचा असावा. या दोन्ही गोष्टी थांबवल्यावर तो काही आठवड्यांत बसू लागतो. फोड वाढत जाऊन जखमेच्या सीमेबाहेर पसरू लागला, टणक झाला, किंवा घरात कोणाला जखमेवर असे मांस वाढण्याची, म्हणजे केलॉइडची, खोड असेल, तर त्वचारोगतज्ज्ञांना दाखवावे. हिरवट पू, पसरणारी लाली, ठणका किंवा ताप आल्यास त्याच दिवशी डॉक्टरांकडे जावे, मात्र चमकी घरी उपटून काढू नये. छिद्राची तोंडे मिटली तर पू आतच कोंडतो.

प्रश्न : पाच दिवसांपूर्वी एका दुकानात गनने कानाचा वरचा भाग टोचून घेतला. आता कान लाल, गरम आणि सुजलेला आहे, पण कानाची पाळी ठीक आहे. मैत्रिणीने दिलेले मलम लावत आहे.
– एक विद्यार्थिनी, भुसावळ

उत्तर : आपल्याला स्वतंत्र पत्राने तातडीने कळवले आहेच, इतरांसाठी येथे लिहितो. कानाच्या वरच्या भागातील कुर्च्येला, म्हणजे लवचीक मऊ हाडाला, स्वतःचा रक्तपुरवठा नसतो, तिचे पोषण तिच्यावरील पातळ आवरणातून होते. तेथे संसर्ग होऊन पू साठला, की आवरण कुर्च्येपासून सुटते, कुर्चा मरते आणि कानाचा आकार कायमचा चुरगळतो. पाळीत कुर्चा नसल्यामुळे ती सुरक्षित राहते, म्हणूनच ‘पाळी ठीक आहे’ या वाक्याने मला अधिक काळजी वाटली. येथे बहुतेकदा स्यूडोमोनास हा जंतू असतो आणि त्यावर घरातले मलम पुरत नाही. कान-नाक-घसा तज्ज्ञांनी दिलेले योग्य प्रतिजैविक वेळेत घ्यावे लागते. गन बोथट खुंटी जोराने आत ढकलते, त्यामुळे कुर्चा चिरडते, आणि प्लास्टिकच्या गनला ऑटोक्लेव्हमध्ये, म्हणजे दाबाखालील वाफेच्या यंत्रात, निर्जंतुक करता येत नाही. कुर्चा टोचायचीच असेल, तर ती एकदाच वापरायच्या पोकळ सुईनेच टोचावी आणि सुईचे पाकीट आपल्या डोळ्यांसमोर फोडायला सांगावे.

प्रश्न : आर्टिफिशियल कानातले घातले, की माझ्या पाळ्या खाजतात आणि पाणी सुटते. सोनेच वापरावे का? सर्जिकल स्टील चालेल का?
– एक शिक्षिका, जळगाव

उत्तर : ही लक्षणे बहुधा निकेलच्या ॲलर्जीची आहेत. पुरळ दागिना घातल्यावर एक-दोन दिवसांनी उठते, म्हणून संशय साबणावर किंवा शाम्पूवर जातो. ही ॲलर्जी एकदा जडली, की सहसा आयुष्यभर राहते. दांडीला नेलपॉलिश लावण्याचा उपाय थोडे दिवस चालतो, मग थर झिजतो. ३१६ एल या सर्जिकल स्टीलमध्ये सुमारे १० ते १४ टक्के निकेल असते. ते धातूत घट्ट बांधलेले असल्याने अनेकांना सोसते, पण आपण ते टाळावे. हाडांत बसवण्यासाठी वापरतात त्या दर्जाचे, एएसटीएम एफ १३६ प्रमाणाचे टायटॅनियम सर्वांत निर्धोक आहे.

सोन्याबद्दल जळगावच्या वाचकाला मी काय सांगावे! तरीही एक गोष्ट ध्यानात ठेवावी. २२ कॅरेटमध्ये ९१.६ टक्के आणि १८ कॅरेटमध्ये ७५ टक्के सोने असते. उरलेला भाग तांबे किंवा चांदीचा असेल तर सहसा त्रास होत नाही, परंतु पांढऱ्या सोन्यात निकेल असू शकते. १ एप्रिल २०२३ पासून हॉलमार्कच्या दागिन्यावर सहा अक्षर-अंकांचा एचयूआयडी, म्हणजे त्या दागिन्याचा स्वतंत्र ओळख क्रमांक, असणे बंधनकारक आहे. मात्र दोन ग्रॅमपेक्षा कमी वजनाच्या वस्तूंना या सक्तीतून सूट आहे, आणि चमकी किंवा लहान कुडी बहुधा याच वजनाची असते. म्हणजे जो दागिना थेट जखमेत जातो, नेमका त्यावरच शिक्का नसण्याची शक्यता अधिक. म्हणून पावतीवर कॅरेट लिहून घ्यावे आणि दांडी व तिचा जोड कोणत्या धातूचा आहे, हे स्पष्ट विचारावे. पुष्कळदा वरचे फूल सोन्याचे आणि दांडी दुसऱ्याच धातूची असते.

दुकानातच एक परीक्षा करता येते. कापसाचा लहानसा पुंजका घेऊन त्यातून दांडी हळूच ओढावी. तंतू कोठे अडकला, तर तेथे खरखर आहे आणि तीच खरखर रोज छिद्राच्या आत घासणार आहे.

प्रश्न : नातीचे कान बाराव्या दिवशी टोचावेत का?
– एक आजोबा, शहादा

उत्तर : विधीचा मान राखावा, पण टोचणे थोडे पुढे न्यावे. बाळाला धनुर्वातापासून संरक्षण देणारी लस ६, १० आणि १४ आठवड्यांना दिली जाते. ते डोस पूर्ण झाल्यावर टोचावे. तार ओवून वळवलेली गुळगुळीत बाळी निवडावी. फिरकीचे कानातले इतक्या लहान वयात घालू नये, कारण सैल झालेली फिरकी गळून बाळाच्या तोंडात जाऊ शकते.