पाण्याची टेस्ट पास होत असताना जुन्या बॉयलरचं आयुष्य मोजायची गरज आहे का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: साखर कारखान्याचा को-जनचा (वाफेवर वीजही करणारा) बॉयलर बावीस हंगाम जुना, वाफ ४८५ डिग्रीची, पाण्याची टेस्ट दरवर्षी पास. मग सुपरहीटर हेडर (वाफ आणखी तापवणाऱ्या ट्यूब जिथं जोडतात तो जाड पाइप) आणि मेन स्टीम लाइनचं लॅगिंग (वरचं उष्णता अडवणारं आवरण) सोलून उरलेलं आयुष्य मोजायचा खर्च कशाला?

खर्च करा. मी चिकोडी तालुक्यातला. बेळगाव जिल्ह्यातल्या कारखान्यांच्या बॉयलर हाऊसवर अठरा वर्षं काढली आहेत.

पाण्याची टेस्ट म्हणजे बॉयलर गार पाण्यानं भरून दाब देणं. गळती, कच्चं वेल्डिंग तिच्यात कळतं. पण तापलेला धातू दाबाखाली वर्षानुवर्षं केसाकेसानं ताणत जातो, त्याला आपण क्रीप म्हणतो, ते गार पाण्यात दिसत नाही. म्हणूनच आपल्या बॉयलर नियमांत ४०० डिग्रीच्या वर चालणाऱ्या भागांना १ लाख तासांनंतर ही तपासणी लावलेली आहे.

तुम्ही म्हणाल, हंगाम दीडशे दिवसांचा, म्हणजे ३,६०० तास. बावीस हंगामांचे ७९ हजार, अजून वेळ आहे. इथंच फसगत होते. तापमान आणि तासांवरून धातूचं आयुष्य काढायच्या लार्सन-मिलर सूत्राच्या ढोबळ हिशोबानं, ४८५ डिग्रीला १ लाख तास टिकणारा धातू तेवढ्याच ताणाखाली ४९५ ला सुमारे ४७ हजार तास टिकतो आणि ५०५ ला २३ हजारही नाही. त्यामुळे तासांच्या आधी जुनी लॉगबुकं काढा आणि तापमानाचा रकाना बघा.

हे मी एका कारखान्यात बघितलंय. ॲटेम्परेटरचा (वाफेत पाणी फवारून तिचं तापमान उतरवणाऱ्या साधनाचा) व्हॉल्व्ह नीट काम करत नव्हता, वाफ दोन हंगाम वीसेक डिग्री वर चालली. आमच्याकडे बॉयलरवर निम्मं बोलणं कानडीत, निम्मं मराठीत. दोन्ही भाषांत सगळे म्हणायचे, 'थोडं वर आहे, चालतंय.' ऐन जानेवारीत शेवटच्या सुपरहीटरची कॉइल फुटली आणि बाहेर उसाच्या गाड्यांची रांग लागली. कापून काढलेला तुकडा मी हातात घेतला. एकदम जास्त तापून फुटलेली ट्यूब ओठासारखी पातळ होऊन उघडते. इथं कडा जाडच होत्या आणि फुटीच्या दोन्ही बाजूंना लांबीत बारीक समांतर भेगा. आतून काळी कडक खपली. ही खपली उष्णता अडवते, वाफ ट्यूबला नीट गार करू शकत नाही आणि धातू आणखी तापतो. तापमानाच्या काट्यावर यातलं काहीच दिसत नाही.

तपासणीत रेप्लिका मात्र नक्की घ्यायला लावा. हेडरच्या वेल्डजवळ रुपयाएवढी जागा आरशासारखी घासतात, नायटल (धातूचे कण उठून दिसावेत म्हणून लावायचं आम्लाचं द्रावण) लावतात, मग ॲसिटोननं मऊ केलेली फिल्म दाबून धातूच्या कणांचा ठसा उचलतात. सूक्ष्मदर्शकाखाली सुटी पोकळ टिंबं दिसली तर लक्ष ठेवून चालवता येतं. टिंबं एका ओळीत लागली असतील तर पुढच्या तपासणीची तारीख ठरवूनच बॉयलर पेटवा. ती जोडून भेग झाली असेल तर दुरुस्ती पुढच्या हंगामावर ढकलू नका. ठसा वेल्डच्या शेजारच्या, वेल्डिंगच्या उष्णतेनं बदललेल्या पट्ट्यात घ्यायला सांगा, आधी तिथंच बिघडतं. सरळ पाइपच्या मधोमध सोयीची जागा बघून घेतलेल्या ठशावर विश्वास ठेवू नका.

सोबत ट्यूबचा बाहेरचा व्यास, जाडी, कडकपणा आणि आतल्या खपलीची जाडी मोजून घ्या. हेडरमध्ये ट्यूबच्या भोकांमधल्या भागात आतून भेगा आहेत का, तेही बघा. को-जनला प्रत्येक थांबा-सुरूचा धक्का तिथं बसतो, तो तासांच्या हिशोबात येत नाही. पावसाळ्यात बॉयलर ओला तसाच उभा राहिला असेल तर पिटिंगही (गंजाचे बारीक खड्डे) शोधा.

गाळप साधारण नोव्हेंबरला सुरू होतं. लॅगिंग जूनमध्येच सोला, म्हणजे काही निघालं तर नवीन ट्यूब मागवून वेल्डिंग आणि हीट ट्रीटमेंट करायला वेळ राहील.