वाचकांचे प्रश्न: सीडीवर लेबल लावायचं कसं?

प्रश्न: ताई, आईच्या भजनी मंडळाने वर्षभर जमून अभंग रेकॉर्ड केलेत, आषाढीला पन्नासेक सीड्या वाटायच्यात. मंडळातल्या बऱ्याच जणींकडे अजून सीडी प्लेयरच आहे, पेनड्राइव्ह दिला तर तो नातवंडं पळवणार. सीडीवर विठ्ठलाचं चित्र आणि मंडळाचं नाव हवंय. स्टेशनरीवाला गोल स्टिकरच्या शीट देतोय, छापा आणि चिकटवा म्हणतो. चालेल का? डिझाइन कशात करू?
– एक वाचक, गिरगाव

उत्तर: स्टिकर घेऊ नका, बाकी काहीही करा. आपल्याला वाटतं गाणी खालच्या चकचकीत बाजूला असतात, म्हणून आपण तीच बाजू जपतो, पण सीडीत ती खरं तर वर असतात, लेबलच्या अगदी खाली. सीडीची जाडी १.२ मिमी, त्यातलं जवळजवळ सगळं प्लास्टिकच, त्याच्या डोक्यावर रेकॉर्डिंगचा आणि चंदेरी थर आणि त्यावर लॅकरचा पातळ हात, बस्स. त्याच्यावर तुम्ही गोंद लावणार, मग आपल्या पावसाळी हवेत स्टिकरची कड सुटणार, कोणीतरी नखाने ओढणार आणि कागदाबरोबर चंदेरी थर उचलला जाणार. तेवढे अभंग गेले, परत येत नाहीत. शिवाय स्टिकर जरा जरी तिरका बसला तरी तोल जातो, घरच्या प्लेयरमध्ये सीडी हळू फिरते म्हणून चालून जाईल, पण कॉम्प्युटरच्या ५२एक्स ड्राइव्हमध्ये ती मिनिटाला १०,००० च्या आसपास फेरे घेते, तिथे नुसती घरघर. आणि गाडीतल्या फटीच्या प्लेयरमध्ये कड सुटलेला स्टिकर अडकला की सीडी आत आणि जावईबापू बाहेर स्क्रूड्रायव्हर घेऊन.

त्यापेक्षा लॅमिंग्टन रोडला जाऊन ‘इंकजेट प्रिंटेबल’ असं नाव घेऊनच डिस्क मागा, वरची बाजू पांढरी असते ती. साध्या चंदेरी डिस्कवर इंकजेटची शाई धरत नाही, पुसली जाते. प्रिंटर मात्र डिस्कचा ट्रे असलेलाच लागतो (एप्सन एल८०५ सारखा), सगळ्यांना जमत नाही. ओळखीत नसेल तर डिस्क प्रिंटिंग करणाऱ्याकडे द्या, आणि मंडळाला पुढे जास्त कॉप्या लागल्या तर स्क्रीन प्रिंटिंगचं विचारा. आधी सीडी बर्न करा, एकदा वाजवून बघा, मगच छापा, नाहीतर फुकट गेलेल्या डिस्कवरही विठोबा छापला जाईल. आणि बर्न करताना ‘ऑडिओ सीडी’ निवडा, नुसत्या एमपीथ्री फाइली टाकल्या तर जुन्या प्लेयरला त्या कळणार नाहीत. ८० मिनिटं बसतात.

डिझाइन इंकस्केप या सॉफ्टवेअरमध्ये करा, फुकट आहे. १२० मिमीचा गोल काढा, ३०० डीपीआयला (म्हणजे इंचाला ३०० ठिपके) तो साधारण १,४१७ पिक्सेल होतो. कडेला दोन मिमी सोडा. मधलं भोक १५ मिमीचं, पण काही डिस्कवर पांढरा भाग भोकाजवळून सुरू होतो तर काहींवर बराच बाहेरून, म्हणून डिस्क हातात आल्यावर पट्टीने मोजा. विठ्ठल मधोमध नको हं, भोक बरोब्बर कमरेवरच्या हातांवर येतं. डावीकडे उभा करा, उजवीकडे नाव.

आता मराठीची खरी गंमत. मंडळाचं नाव गोलाईवर वळवायचा मोह सगळ्यांना होतो, इंग्रजीत ते शोभतंही. आपल्याकडे अक्षरं शिरोरेषेने जोडलेली, ती वळवली की प्रत्येक अक्षर आपापल्या दिशेला कलतं आणि रेषेला भेगा पडतात, काही सॉफ्टवेअरमध्ये तर वेलांटी एकीकडे आणि अक्षर दुसरीकडे. अक्षरांमधलं अंतर वाढवलं तरी तेच. नाव सरळ ओळीतच ठेवा, दोन ओळी झाल्या तरी चालतील. फॉन्ट ‘मुक्त’ (Mukta) किंवा ‘बलू’ (Baloo) नावाचा घ्या, दोन्ही युनिकोड आणि मोफत, आपल्या मुंबईच्याच ‘एक टाइप’ या फॉन्ट बनवणाऱ्या संस्थेने केलेले. आजींना वाचायचंय, तेव्हा ठसठशीत.

आधी साध्या कागदावर छापून गोल कापा आणि डिस्कवर ठेवून बघा. छापल्यावर पंख्याखाली रात्रभर वाळवा, जुलैमध्ये दोन रात्री, आणि तोवर एकावर एक रचू नका. ओला हात लागला तर शाई पसरते हे कव्हरमध्ये एका चिठ्ठीवर लिहून टाका.

प्रश्न: लग्नाच्या जुन्या सीड्यांना आधीच स्टिकर आहेत, काढू का?
– एक वाचक, मुलुंड

उत्तर: अजिबात नाही, वर सांगितलं तेच होईल. आधी कॉम्प्युटरवर कॉपी करून घ्या, शक्यतो याच आठवड्यात.

प्रश्न: मग डीव्हीडीवर तरी स्टिकर चालेल ना? आणि पेनने लिहिलं तर?
– एक वाचक, दादर

उत्तर: डीव्हीडीत रेकॉर्डिंग ०.६ मिमीच्या दोन चकत्यांच्या मध्ये असतं म्हणून ओरबाडलं जात नाही, पण कागद दमट हवेत ताणला-आखडला की डिस्क किंचित वाकते आणि पिक्चर मध्येच अडकतो. बॉलपेन तर सीडीवर टेकवूच नका, दाबाने खालचा थर दुखावतो. सीडीसाठीचा म्हणून मऊ टोकाचा मार्कर मिळतो तो घ्या, आणि शक्यतो भोकाजवळच्या पारदर्शक कड्यावर लिहा, तिथे गाणी नसतात.