वाचकांचे प्रश्न : ‘काममोहितम्’ हा शब्द वर्गात टाळावा का?

प्रश्न : मी बडोद्यात एम.ए.च्या विद्यार्थ्यांना साहित्य शिकवते. अलीकडे आमच्याकडे साहित्यातील प्राण्यांच्या भावना आणि प्रजनन या विषयावर एका पाहुण्या वक्त्यांचे व्याख्यान झाले. क्रौंच पक्ष्यांच्या जोडीतील एकाला मारणाऱ्या निषादाला, म्हणजे व्याधाला, वाल्मीकींनी ज्यात शाप दिला त्या ‘मा निषाद’ या श्लोकातील ‘काममोहितम्’ (कामाने मोहित झालेला) या शब्दावर ते बराच वेळ बोलले, तेव्हा वर्गात चुळबुळ झाली. पुढे शिकवताना मी हा शब्द टाळावा का? शिवाय, पक्ष्याला शोक होतो असे म्हणणे म्हणजे आपल्या भावना त्याच्यावर लादणे नव्हे का?
— एक वाचक, दांडिया बाजार, बडोदे

उत्तर : कृपया टाळू नका. शिकार करणे हा निषादाचा व्यवसायच होता. मीलनात रमलेल्या जोडीतील एकाला मारले, हा वाल्मीकींचा आक्षेप आहे, आणि तो सगळा या एका शब्दात आहे. महाभारताच्या आदिपर्वात हरिणरूपातील किंदम ऋषीही पंडूला हेच सांगतात की, मृग मारल्याबद्दल माझी तक्रार नाही, परंतु आमचे मैथुन संपेपर्यंत तू थांबायला हवे होतेस. विद्यार्थ्यांसमोर हे दोन प्रसंग शेजारी ठेवले, तर संकोचाला फारशी जागा उरणार नाही, असे मला मनापासून वाटते. वाल्मीकिरामायणाची चिकित्सित (अनेक हस्तलिखिते ताडून पाहून सिद्ध केलेली) आवृत्ती तर आपल्याच बडोद्याच्या प्राच्यविद्या मंदिराने १९६० ते १९७५ या काळात सिद्ध केली. बालकांडाचा तो खंड वर्गात अवश्य न्यावा.

तुमचा दुसरा प्रश्न अधिक अवघड आहे, आणि तो जुनाही आहे. डार्विनने माणसांच्या व प्राण्यांच्या भावनाभिव्यक्तीवर १८७२ मध्ये स्वतंत्र ग्रंथ लिहिला; त्याच्या कितीतरी आधी, चौदाव्या शतकात, साहित्यदर्पणकार विश्वनाथाने पशुपक्ष्यांच्या शृंगाराला रस न म्हणता रसाभास, म्हणजे रसाचा केवळ आभास, म्हटले होते. मला मात्र हे वर्गीकरण अपुरे वाटते, आणि त्याचे कारण आपल्या महाराष्ट्री प्राकृतातील गाथासप्तशती या सातशे गाथांच्या संग्रहात सापडते. सातव्या शतकाच्या, म्हणजे सातव्या शंभर गाथांच्या, आरंभी एक हरिणांची जोडी आहे : एकमेकांना वाचवण्यासाठी दोघेही बाणासमोर येतात, आणि व्याधाच्या हातून अश्रूंनी भिजलेले धनुष्य गळून पडते. हरिणांच्या मनात काय आहे, हे कवी सांगत नाही. तो त्यांची केवळ कृती दाखवतो, आणि अश्रू आहेत ते व्याधाचे. मारलेल्या क्रौंचाच्या मादीच्या, क्रौंचीच्या, बाबतीत वाल्मीकी एक पाऊल पुढे जातात, कारण तिचा आक्रोश त्यांना करुण ऐकू येतो. विद्यार्थ्यांना दोन्ही उतारे द्यावेत आणि पाहिलेले कोणते, पाहणाऱ्याचे कोणते, हे त्यांनाच ओळीओळीने वेगळे करू द्यावे.