गिंबलवर पळणारा फोकस

प्रश्न : राजवाड्यासमोरच्या उन्हातून दरवाजाच्या काळोखात आणि तिथून आतल्या चौकात, असा सलग शॉट गिंबलवर (कॅमेरा स्थिर धरणाऱ्या मोटरच्या दांड्यावर) घेतोय. पुढे बहीण चालते. दरवाजाजवळ चित्र भसकन उजळतं, फोकसही मागे पळतो. काय करावं? (एक वाचक, इंदूर)

उत्तर : फोकस आणि एक्स्पोजर (चित्रात किती उजेड घ्यायचा ते) दोन्ही ऑटोवर आहेत, म्हणून. चालताना लेन्सच्या रिंगला बोट लागलं तरी चित्र हलतं, तेव्हा निघण्याआधीच सगळं ठरवून टाका.

फुल फ्रेम (मोठ्या सेन्सरचा) कॅमेरा, २४ मिमी लेन्स, अॅपर्चर (लेन्सचं भोक) एफ ८ असेल तर मॅन्युअल फोकस अडीच मीटरवर लावा आणि विसरा. सव्वा मीटरच्या पुढचं सगळं स्पष्ट येतं. एफ २.८ लाच, म्हणजे भोक मोठं ठेवूनच हवं असेल, तर फोकस दोन मीटरवर ठेवा. मग तुमचे पायच फोकस सांभाळतात. बहीण पावणेदोन ते अडीच मीटरच्या पट्ट्यातच राहिली पाहिजे. घरच्या गच्चीवर खडूच्या खुणा करून चार फेऱ्या मारा, अंतर अंगवळणी पडतं.

उजळण्याचं कारण असं : बहीण अजून उन्हातच असते, पण काळी कमान फ्रेम व्यापते. कॅमेरा कमानीसाठी आयएसओ (सेन्सरची उजेडाची संवेदनशीलता) वाढवतो आणि बहिणीची पाठ पांढरी पडते. म्हणून आयएसओही पक्का करा. सेकंदाला २५ फ्रेम, शटर १/५० सेकंद, एफ ८, आयएसओ १०० घेतलं, तर भर उन्हात तीन स्टॉप (एक स्टॉप म्हणजे दुप्पट, तीन म्हणजे आठपट) उजेड जास्त होतो. तेवढा एनडी ८ फिल्टर (लेन्सपुढची उजेड कमी करणारी करडी काच) खातो. कमानीत चित्र काळं होईल, होऊ द्या. तिथेच थांबा, फिल्टर काढा, चौकाचं एक्स्पोजर लावा, त्याच काळोखातून पुन्हा निघा. जोड त्या काळोखात लपतो. व्हेरिएबल एनडी (फिरवून गडद-फिका होणारा फिल्टर) चालता चालता फिरवायचा मोह टाळा : धक्का बसतोच, शिवाय वाइड लेन्सवर शेवटच्या टोकाला काळी फुली उमटते.

फिल्टर काढल्या-लावल्यावर गिंबल पुन्हा तोलायचा. लेन्सकडची बाजू जड राहिली की मोटर गुरगुरते.

प्रश्न : रात्री सराफ्यात (इंदूरच्या रात्रीच्या खाऊबाजारात) चित्रावर आडव्या पट्ट्या सरकतात.

उत्तर : शटर बहुधा १/६० वर आहे. आपली वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे १/५० किंवा १/१०० ठेवा. एखाद्या हातगाडीवरचा स्वस्त एलईडी दिवा तरीही लुकलुकेल. तो फ्रेमबाहेर ठेवा. जिलबीच्या कढईसमोर ऑटोफोकस बंदच बरा, तो वाफेवर अडकतो.