पावशेर म्हणावं की पाव किलो?

प्रश्न असा आलाय: घरी आजी भाजीवाल्याला "पावशेर भेंडी द्या" म्हणतात, नातू म्हणतो शेर कधीच बंद झालाय, पाव किलो म्हण. यात बरोबर कोण? आणि सगळं मेट्रिक झालंय तर सुतार अजून इंचात का बोलतो, ताप अजून शंभरच्या वर का जातो?

आधी सरळ उत्तर. दोघंही बरोबर आहेत, कारण आज बाजारात पावशेर या शब्दाचा अर्थच २५० ग्रॅम असा आहे. पण हा अर्थ मुळातला नाही, मागाहून आलेला आहे, आणि तो कसा आला हे मला फार महत्त्वाचं वाटतं म्हणून जरा सविस्तर लिहितोय.

शेर प्रांतोप्रांती वेगळा असायचा, पण सरकारी पक्का शेर ८० तोळ्यांचा. तोळा ११.६६ ग्रॅमचा धरला तर शेर होतो साधारण ९३३ ग्रॅम आणि पावशेर म्हणजे २३३. मग १९५६ साली वजनमापांचा कायदा झाला, ऑक्टोबर १९५८ पासून टप्प्याटप्प्यानं नवी वजनं आली आणि १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला मेट्रिक सक्तीचं झालं. दुकानदाराच्या तागडीतली वजनं बदलली, गिऱ्हाइकाच्या तोंडातला शब्द मात्र तोच राहिला. म्हणजे पावशेर मागितलं की पूर्वी २३३ ग्रॅम यायचं ते आता २५० यायला लागलं. शब्द तसाच आणि आतला माल सतरा ग्रॅमनी वाढलेला. आणि गंमत बघा, मेट्रिकच्या लोखंडी वजनांत २५० ग्रॅमचं वजनच नसतं, ५०, १००, २००, ५०० असा क्रम असतो, त्यामुळे पावशेर करायला भाजीवाला दोनशे आणि पन्नास अशी दोन वजनं टाकतो. वजन नाही, पण शब्द आहे, रोज हजार वेळा बोलला जातोय!

आता खरा प्रश्न हा की पावशेरच का टिकला? छटाक का गेला? छटाक शेराचा सोळावा भाग, किलोत बसवायला गेलं तर साडेबासष्ट ग्रॅम, कुणी मोजायचं? पावशेर मात्र किलोचा नेमका चौथा हिस्सा म्हणून सहज बसला. नवटाक म्हणजे पावशेराचा अर्धा भाग, तो १२५ ग्रॅमवर बसू शकत होता पण भाजीत त्याची जागा अदपाव (अर्धा पाव) या शब्दानं घेतली आणि नवटाक उरला तो दारूच्या भाषेत. अच्छेर (अर्धा शेर) तर अर्ध्या किलोसमोर पार नाहीसाच झाला.

हेच पैशाचंही झालंय. १ एप्रिल १९५७ ला रुपयाचे शंभर नवे पैसे झाले, त्याआधी सोळा आणे किंवा चौसष्ट पैसे. चार आणे बरोबर पंचवीस पैशांवर बसले, आठ आणे पन्नासवर, त्यामुळे चाराणे-आठाणे हे शब्द २०११ मध्ये पंचवीस पैशांचं नाणं चलनातून जाईपर्यंत सर्रास चालले आणि अजूनही चालतात. पण एक आणा म्हणजे सव्वासहा पैसे, तो गेला. माझं मत असं झालंय की नव्या पद्धतीत जो जुना शब्द गोल आकड्यावर बसला तो जगला, जो अपूर्णांकात अडकला तो मेला. आणि मराठी माणसाचं डोकं मुळात दशांशात चालत नाही, ते अर्धं-पाव-सव्वा-दीड-अडीच असं चालतं. पूर्वी शाळेत पावकी, निमकी, पाउणकी, सवायकी, दिडकी, औटकी असे अपूर्णांकांचे पाढे पाठ करून घ्यायचे ना, त्याचा हा परिणाम. म्हणून आपण "०.७५ लिटर" म्हणत नाही, पाऊण लिटर म्हणतो. मेट्रिक आलं खरं, पण आपण त्याला पावकीतच मोजतो.

सोन्याचा तोळा याच वाटेनं गेला पण तिथे सांभाळायला हवं. आज सराफ तोळा म्हणतो तेव्हा १० ग्रॅम, पेपरात भाव येतो तोही तसाच. पण जुना तोळा ११.६६ ग्रॅमचा, बारा मासे, मासा म्हणजे आठ गुंजा. त्यामुळे घरातल्या जुन्या चिठ्ठीत किंवा वाटणीपत्रात "सहा तोळ्यांची पाटली" लिहिलेलं असेल तर ते आजचे जवळजवळ सात तोळे भरतात, चक्क एका तोळ्याचा फरक. कागद कधीचा आहे ते बघूनच हिशोब करावा, यावरून भावाभावांत वाद होऊ शकतात.

जमिनीत तर याहून बारीक भानगड आहे. गुंठा म्हणजे ३३ बाय ३३ फूट, १०८९ चौरस फूट, आणि चाळीस गुंठ्यांचा एकर. हे सगळं इंग्रजांच्या ६६ फुटी साखळीतून आलेलं, म्हणजे शब्द देशी पण माप इंग्रजी. सातबारावर मात्र क्षेत्र हेक्टर-आरमध्ये असतं, आर म्हणजे १०० चौरस मीटर. आणि गुंठा भरतो १०१.१७ चौरस मीटर, इतके जवळ की गावात सगळे आरलाच गुंठा म्हणतात आणि एक-दोन आरला काही बिघडत नाही. पण ४० आर म्हणजे पुरा एकर नव्हे, पाचेकशे चौरस फूट कमी पडतात. शहराकडेला आज पाचशे फुटांची किंमत काय आहे ते सगळ्यांना माहितीये, त्यामुळे बोलताना गुंठा म्हणा पण खरेदीखतात चौरस मीटर वाचा.

पायली, चिपटं, मापटं यांची गोष्ट वेगळी. ती वजनं नाहीतच, ती भांडी आहेत. दोन चिपट्यांचं मापटं, दोन मापट्यांचा शेर (हा मापाचा शेर, वजनाचा नव्हे), चार शेरांची पायली. एका पायलीत ज्वारी किती किलो आणि पोहे किती किलो याचं उत्तर एक नाही, त्यामुळे पावशेरसारखं त्यांना किलोवर बसवताच आलं नाही, आणि दुकानात वजनकाटा आला तसं त्यांचं काम गेलं. खेड्यात धान्य मोजायला अजून दिसतात, तेवढीच.

आता सुताराकडे येऊ, कारण तिथलं कारण थोडं निराळं आहे असं मला वाटतं. भाजी कितीही कापता येते, प्लायचा पत्रा मात्र कारखान्यातून ठराविक मापाचाच येतो, आठ बाय चार फूट. आणि त्याच पत्र्याची जाडी? १८ किंवा १९ एमएम! एकाच वस्तूची लांबी फुटात आणि जाडी मिलिमीटरमध्ये, आणि दुकानात कुणाला त्यात काही वावगं वाटत नाही. नळाचे पाईप अर्धा इंची, पाऊण इंची, कारण जुन्या भिंतीतला पाईप त्याच मापाचा आहे आणि नवा त्याला जोडायचाय. गाडीच्या टायरवर १६५/८० आर १४ लिहिलेलं असतं त्यात १६५ मिलिमीटर आणि १४ इंच, पुन्हा खिचडी. शिवाय सुताराचं सूत! इंचाचा आठवा भाग, "दोन फूट चार इंच तीन सूत" असं तो सांगतो. तेच सूत बांधकामाच्या सळईत गेलं आणि तिथे मात्र पावशेरसारखंच झालं, तीन सुती म्हणजे १० एमएम, चार सुती १२, पाच सुती १६, सहा सुती २०. खरं चार सूत म्हणजे १२.७ एमएम, पण सळई १२ चीच येते आणि शब्द आपोआप १२ वर सरकला. कापडातही तेच, दुकानात मीटरवर कापतात पण लुगडं नऊवारीच राहिलं, वार म्हणजे ९१ सेंटिमीटर, आणि पाचवारी-सहावारी-नऊवारी हे आता माप कमी आणि नेसण्याचा प्रकार जास्त झालाय.

राहिला ताप. हवामान सेल्सिअसमध्ये, नागपूरचा पारा ४५ वर गेला असं आपण म्हणतो, आणि त्याच घरात पोराला १०२ ताप आहे म्हणतो, ते फॅरनहाइट. एकाच घरात दोन तापमापनं आणि कुणाचा गोंधळ होत नाही कारण आकडेच इतके लांब आहेत. गोंधळ झाला तो कोरोनाच्या वेळी, दारात कपाळाला यंत्र लावायचे आणि काहींवर ३६ दिसायचं, तेव्हा बऱ्याच जणांना कळेना हे बरं की वाईट. ३७ म्हणजे ९८.६, ३८ च्या जवळ गेलं की शंभर झाला, एवढं लक्षात ठेवलं की पुरतं.

इथे शब्दाची नाही पण आकड्याची एक खरी अडचण आहे, ती स्वयंपाकात. अमेरिकेतल्या मराठी बायका नानकटाई, केक वगैरेच्या फार छान पाककृती मराठीत लिहितात आणि त्यात "ओव्हन ३५० वर तापवून घ्या" असतं. ते फॅरनहाइट आहे, आपल्याकडच्या ओव्हनवर आकडे सेल्सिअसचे असतात. त्यामुळे मराठीत ३५० वाचलंत तर १७५ लावा, आणि लिहिणाऱ्यांनी आकड्यापुढे फॅ. किंवा से. एवढं एक अक्षर तरी टाकावं ही हात जोडून विनंती.