ब्रिटनमधल्या चॅप्लन्सीचे कार्यक्रम: डिसेंबरची वाट बघू नकोस

तू ताई म्हणून विचारलंस, तर ताईसारखंच सविस्तर सांगते. सप्टेंबरमध्ये तू मास्टर्ससाठी ब्रिटनला येते आहेस. विद्यापीठाच्या ख्रिस्ती चॅप्लन्सीने (विद्यार्थ्यांच्या आधारासाठी असलेलं चॅप्लन, म्हणजे धर्मसेवकांचं केंद्र) विशेष कार्यक्रमांची भली मोठी यादी पाठवली आहे, त्यातल्या कशाला जावं हे तुला कळत नाहीये. शिवाय तुझी मंडळी (तुझं चर्च) प्रोटेस्टंट आणि तिथले चॅप्लन अँग्लिकन (चर्च ऑफ इंग्लंडच्या परंपरेतले) नि कॅथलिक, ते चालेल का? आणि सोबत राहणारी मैत्रीण ख्रिस्ती नाही, तिला नेलं तर? मी इथे शिकायला आले आणि इथेच राहिले. आता त्याच चॅप्लन्सीत नव्या मुलांच्या स्वागताला उभी असते.

मैत्रिणीला खुशाल ने. चॅप्लनचं काम सगळ्या विद्यार्थ्यांसाठी असतं, धर्म कुठलाही असो किंवा नसो. कुणावर विश्वासासाठी दबाव आणायचा नाही, हे त्या कामात गृहीतच आहे. फक्त एक फरक लक्षात ठेव. क्रिश्चन युनियन ही विद्यार्थ्यांनी चालवलेली वेगळी संघटना असते आणि सुवार्ता सांगणं, म्हणजे येशूवरच्या विश्वासाचा प्रसार करणं, हा तिचा जाहीर हेतू असतो. माणसं दोन्हीकडे चांगली भेटतात, पण आमंत्रण कुणाचं आहे हे मैत्रिणीला आधी सांग, म्हणजे तिला अवघडल्यासारखं होणार नाही.

प्रभुभोजनाचं, म्हणजे उपासनेतल्या भाकरीचं नि द्राक्षारसाचं म्हणशील तर, तुझा बाप्तिस्मा झालेला आहे आणि आपल्या मंडळीत तू प्रभुभोजन घेतेस, त्यामुळे अँग्लिकन उपासनेत तुला ते घेता येतं. कॅथलिक मिस्सामध्ये (त्यांच्या उपासनेत) घेता येत नाही, पण तिथेही रांगेत जाता येतं. दोन्ही हात छातीवर आडवे दुमडून उभी राहिलीस की धर्मगुरू समजतात आणि आशीर्वाद देतात. मैत्रिणीनेही तसंच करावं, किंवा नुसतं बाकावर बसून राहावं. कुणी वळून बघत नाही.

आता कार्यक्रमांकडे येते. बहुतेक परदेशी मुलं पहिल्यांदा चॅप्लन्सीत येतात ती डिसेंबरमध्ये, कॅरोल सर्व्हिसला, म्हणजे नाताळगीतांच्या उपासनेला. मेणबत्त्या, भरलेलं चॅपल, गायकवृंद, सगळं सुंदर असतं. पण माझं स्पष्ट मत आहे की तोवर थांबू नये. तुझा अभ्यासक्रम एक वर्षाचा, म्हणजे यादीतली प्रत्येक गोष्ट तुझ्या वाट्याला एकदाच येणार. आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी घड्याळं एक तास मागे गेली की संध्याकाळी साडेचार-पाचलाच अंधार पडतो. घरची आठवण तेव्हा गाठते.

नेमकी त्याच आठवड्यात, 2 नोव्हेंबरच्या आसपास, मृतांच्या स्मरणाची उपासना असते. यादीत हिच्यासमोर ‘जायचंच’ अशी खूण करून ठेव. दाराशी एक वही ठेवलेली असते, आपल्या गेलेल्या माणसांची नावं त्यात लिहायची. मग उपासनेत एकेक नाव मोठ्याने वाचलं जातं आणि ज्याला हवं तो पुढे जाऊन मेणबत्ती लावतो. माझी आजी गेली तेव्हा मला घरी जाता आलं नव्हतं. मी वहीत तिचं पूर्ण नाव लिहिलं. उपासनेआधी चॅप्लन माझ्याजवळ येऊन बसल्या, नाव कसं उच्चारायचं ते विचारलं, माझ्यामागून हळूच म्हणून पाहिलं आणि ‘ळ’ जमेना तशी पेन्सिलने वहीत खूण करून ठेवली. नाव वाचलं गेलं ते बरोबर. परदेशात दुःख एकटीने काढावं लागतं असं मुली गृहीत धरतात, म्हणून हे मुद्दाम लिहिते आहे. घरून वाईट बातमी आली तर नोव्हेंबरची वाट न बघता थेट चॅप्लनचं दार ठोठाव. तेही त्यांचं कामच आहे.

कॅरोल सर्व्हिसला अर्थात जा. बायबलमधली नऊ वाचनं आणि त्यांच्यामध्ये गीतं ही रचना 1880 साली इंग्लंडमधल्या ट्रुरो शहरात सुरू झाली. केंब्रिजच्या किंग्ज कॉलेजमध्ये ती 1918 च्या नाताळात आली. ती तिथे आणणारे डीन (चॅपलचे प्रमुख) एरिक मिलनर-व्हाइट पहिल्या महायुद्धात सैन्याचे चॅप्लन होते. 1928 पासून ती रेडिओवर जाऊ लागली आणि देशभर पसरली. विद्यापीठांत ती डिसेंबरच्या सुरुवातीलाच उरकतात, कारण मग सत्र संपतं आणि मुलं घरी जातात. खुद्द नाताळच्या दिवशी इथे रेल्वे बंद असते, दुकानंही बहुतेक बंद, वसतिगृह ओस. त्या दिवशी राहिलेल्या मुलांसाठी चॅप्लन्सी जेवण ठेवते का, किंवा एखाद्या स्थानिक कुटुंबाकडे पाठवते का, हे नोव्हेंबरमध्येच विचारून नाव दे.

फेब्रुवारी-मार्चमध्ये राखेचा बुधवार येतो, म्हणजे ईस्टरआधीच्या उपवासकाळाचा पहिला दिवस. उपासना बऱ्याचदा दुपारच्या सुट्टीत असते, दोन लेक्चरच्या मध्ये जाऊन येता येतं. मागच्या वर्षीच्या झावळ्यांचे क्रूस जाळून केलेली राख चॅप्लन अंगठ्याने कपाळावर लावतात. पुढचा पवित्र आठवडा (ईस्टरच्या आधीचा) मात्र बहुधा ईस्टरच्या सुट्टीत सापडतो आणि चॅप्लन्सी शांत असते. त्या दिवसांत गावातल्या एखाद्या चर्चला जायचं आधीच ठरवून ठेव.

सहली आणि रिट्रीट (प्रार्थनेसाठी, शांततेसाठी काही दिवस बाहेर राहणं) यांवर मी थोडे पैसे जरूर खर्च करायला सांगेन. विद्यार्थ्यांना बहुधा सवलत असते, आणि पैशाची अडचण असेल तर चॅप्लनला खासगीत सांगता येतं. आयोना हे स्कॉटलंडचं बेट, तिथे 563 मध्ये आयरिश मठवासी संत कोलंबा आले. ओबनहून एक बोट, मग मल बेटावरून बस, मग दुसरी छोटी बोट, असा प्रवास. लिंडिसफार्न हे इंग्लंडच्या ईशान्य किनाऱ्यावरचं बेट, त्याचा रस्ता भरतीच्या वेळी दिवसातून दोनदा पाण्याखाली जातो. ओहोटीच्या वेळी, रोवलेल्या खांबांच्या खुणेने, ओल्या वाळूतून चालत जाणारे गट असतात. जुने बूट आण. फ्रान्समधल्या तेझेची (तिथल्या ख्रिस्ती मठवासी समुदायाकडची) सहल दिसली तर आधी व्हिसा बघ. आपल्या पासपोर्टवर ब्रिटनचा विद्यार्थी व्हिसा तिथे चालत नाही, शेंगेन (युरोपातल्या बऱ्याच देशांचा सामायिक व्हिसा) वेगळा काढावा लागतो, आणि त्याच्या भेटीची वेळ मिळायलाच कित्येक आठवडे जातात. बरोबरची मुलं बिनव्हिसाची असली की आयोजकांच्या हे लक्षात राहत नाही, तूच सांगायचं.

मे महिन्यात परीक्षांच्या काळात चहा आणि शांत खोली असते, तिथे नुसती जाऊन बसलीस तरी चालतं. पेंटेकॉस्टला (पवित्र आत्मा उतरल्याच्या सणाला) काही चॅप्लन्सींमध्ये बायबलमधलं प्रेषितांची कृत्ये, अध्याय 2 वेगवेगळ्या भाषांत वाचतात. मराठीतून वाचायची तयारी दाखव, ते खूश होतील. तुझं मराठी बायबल सामानात घे.

येण्याआधीच चॅप्लनला एक ईमेल टाक. त्यात तुझी मंडळी कोणती, तू कधी पोहोचतेस, नाताळच्या सुट्टीत तिथेच असशील का, आणि वाचन, गाणं किंवा चहा-खुर्च्यांची मदत यांपैकी काय आवडेल, एवढंच लिही.